आकडा वाढला, म्हणजे काय वाढले?

गेल्या श्रावणातील गोष्ट. बालाघाटला त्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. सायंकाळी शाळा सुटल्यावर आम्ही रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतून सौभाग्यवतींचा अहवाल घेतला, कागद भिजू नये म्हणून सदऱ्याच्या आत धरला, आणि घरी येऊन ओसरीवरच्या दिव्याखाली वाचावयास बसलो. कागदावर अवघ्या तीन ओळी होत्या : टी-३, टी-४ आणि टी.एस.एच. पहिल्या दोहोंविषयी तक्रार नव्हती. टी-४ मर्यादेच्या अगदी तळाशी टेकले होते, एवढेच. तिसऱ्या ओळीत मात्र जाड ठशात १४.६ हा आकडा होता आणि त्याच्या शेजारी वर तोंड केलेला बाण. पलीकडच्या रकान्यात निरोगी माणसाची मर्यादा छापली होती : ०.४ ते ४.२.

सौ. गेली नऊ वर्षे थायरॉइडची गोळी घेत आहे; रोज ७५ मायक्रोग्रॅमची एक. आम्ही मराठीचे एम. ए., अठ्ठावीस वर्षे मुलांना उतारावाचन आणि आकलन शिकवीत आलो. चार ओळींच्या उताऱ्याने आम्हांस काय अडवावे! आम्ही तात्काळ अर्थ लावला. थायरॉइडचा आकडा तिपटीहून अधिक वाढला आहे, सौ. रोज थायरॉइडचीच गोळी घेते. म्हणजे गोळी अधिक होत आहे. युक्तिवादात एकही फट नव्हती.

“अहो, डॉक्टरांना एकदा फोन करून विचारावं का?” सौ.ने विचारले.

“यात विचारायचे काय? कागदावर स्वच्छ छापले आहे,” आम्ही म्हणालो. नागपूरच्या डॉक्टरांची भेट दिवाळीनंतरची ठरलेली होती. तोवर अर्धी गोळी घ्यावी, असा निर्णय आम्ही दिला आणि सुरीने गोळ्या चिरून डबीत भरूनही ठेवल्या.

येथे आमच्या गावाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. मग नकाशावर रेघ ओढली गेली. आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, नागपूर महाराष्ट्रात गेले. परंतु जरा गंभीर दुखणे काढावयाचे झाले की येथील मराठी घरे आजही गोंदियावरून नागपूरचीच वाट धरतात. त्यामुळे आजाराला तीन भाषा लागतात. डॉक्टर मराठीत बोलतात, औषधाचा दुकानदार हिंदीत समजावतो आणि कागद इंग्रजीत येतो. घरात तो कागद वाचणारा बहुधा एकच असतो, आणि त्याने सांगितले की तो शब्द अखेरचा. आमच्या घरी तो अधिकार आमच्याकडे होता. त्याचा उपयोग आम्ही कसा केला ते वर सांगितलेच आहे.

पहिले आठ-दहा दिवस काहीही झाले नाही. उलट ‘बरे वाटते आहे’ असे सौ. एकदा म्हणाली आणि आम्ही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग महालक्ष्म्या आल्या. आमच्या घरी ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात तेव्हा सोळा भाज्या, आंबील, पुरण हे सारे सौ. पहाटे चारपासून एकहाती उरकते. या वर्षी ती दहा वाजताच पाटावर बसून राहिली. पुरण वाटायला सूनबाईला सांगितले आणि आमटीत मीठ दोनदा पडले. आम्हांस वाटले, वयोमान. नवरात्रात तिने आरतीला सूर लावला तेव्हा आवाज ओळखू येईना. घोगरा, खालच्या पट्टीतला, एखाद्या परक्या बाईचा. कोजागरीला सारे गच्चीवर बसलो असता ती शाल आणि वर गोधडी घेऊन आली. चेहरा सुजल्यासारखा, पापण्या जड, आणि प्रश्न विचारला की उत्तर यायला क्षणभर अधिक लागे. दिवाळीत करंज्यांची मोड घालताना तिचे बोट थांबले आणि ती म्हणाली, “मला काही सुचतच नाही हो.” हे वाक्य आमच्या कानांतून अजून गेलेले नाही.

नागपुरास पुन्हा रक्त तपासले. टी.एस.एच. ४१.

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि शांतपणे विचारले, “गोळी कमी कोणी केली?” सौ. खाली पाहत राहिली. आम्हीच सांगितले. तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, वाढली ती मागणी. माल नव्हे.”

या चार शब्दांत जे आहे ते आम्ही नऊ वर्षांत समजून घेतले नव्हते. पुढे वाचून, विचारून जे ध्यानात आले ते येथे मांडतो, कारण हा कागद आज घरोघरी येतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई, गोवा, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, बंगळूर आणि अहमदाबाद अशा आठ ठिकाणच्या पाच हजारांहून अधिक प्रौढांचे रक्त तपासले, तेव्हा जवळजवळ ११ टक्के लोकांत थायरॉइड मंद असल्याचे आढळले. म्हणजे दर नऊ माणसांमागे एक, आणि त्यांत स्त्रिया अधिक.

गळ्यासमोर, कंठमण्याच्या किंचित खाली, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. इंग्लंडच्या टॉमस व्हार्टन यांनी १६५६ मध्ये तिला ढालीच्या ग्रीक शब्दावरून थायरॉइड हे नाव दिले. मराठीत तिला अवटु ग्रंथी म्हणतात. मराठीचा विद्यार्थी येथे क्षणभर अडखळतो; कारण संस्कृतात अवटु म्हणजे मानेचा मागला भाग, आणि ग्रंथी तर पुढे आहे! असो. नाव मागचे असो की पुढचे, काम मोठे आहे. ही ग्रंथी रक्तात मुख्यत्वे टी-४ नावाचे द्रव्य सोडते. शरीरातील पेशी त्यातून टी-३ करून घेतात आणि त्यावर सर्व देहाचा वेग ठरतो : हृदयाचे ठोके, अंगाची ऊब, आतड्यांची हालचाल, स्मरण, आणि आवाजाची पट्टीसुद्धा. सौ.ची रोजची गोळी म्हणजे हेच टी-४, कारखान्यात बनविलेले.

आता टी.एस.एच. हे द्रव्य थायरॉइडमध्ये तयार होतच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पोष ग्रंथीतून येते, आणि त्याचे काम थायरॉइडला चेतविणे. ते समजण्यास आम्हांस आमच्याच नोकरीचा दृष्टान्त उपयोगी पडला. वरिष्ठ कार्यालय शाळेकडून माहिती मागविते. माहिती वेळेवर गेली की कार्यालय गप्प असते. नाही गेली की स्मरणपत्र येते, मग दुसरे, मग तांबड्या शाईने ‘अत्यंत तातडीचे’ असा शेरा मारलेले तिसरे. एखाद्या मुख्याध्यापकाच्या मेजावर स्मरणपत्रांचा ढीग पाहून ‘या शाळेने फारच माहिती पाठविली दिसते’ असे कोणी म्हणाले, तर त्याला आपण काय म्हणू? टी.एस.एच. हे स्मरणपत्र आहे. रक्तात टी-४ कमी पडले की पोष ग्रंथी स्मरणपत्रे वाढविते, पुरेसे झाले की ती थांबते. आम्ही स्मरणपत्रांचा ढीग पाहून शाळेचा पुरवठाच निम्मा केला होता.

हे कार्यालय विलक्षण हळवेही आहे. टी-४ थोडेसे घसरले तरी टी.एस.एच. कितीतरी पटींनी चढते. टी-४ निम्म्यावर आले तर टी.एस.एच. शंभरपटीच्या घरात जाऊ शकते. म्हणून पहिल्या कागदावर टी-४ अजून मर्यादेत होते, तळाशी का होईना, आणि टी.एस.एच. मात्र ओरडत होते. याच हळवेपणामुळे गोळी चालू असणाऱ्याच्या बाबतीत डॉक्टर प्रथम टी.एस.एच.कडे पाहतात. टी-३ पुष्कळदा पाहतही नाहीत, कारण थायरॉइड बरीच मंदावली तरी शरीर टी-३ शेवटपर्यंत सांभाळून धरते आणि त्या आकड्यावरून फसगत होते.

हा हळवा हिशेब मुळात मोजता येऊ लागला त्यालाही फार काळ लोटलेला नाही. न्यूकॅसलचे डॉक्टर जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका छेचाळीस वर्षांच्या रुग्ण स्त्रीला टोचला. ती बरी झाली आणि आणखी अठ्ठावीस वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या असे मरे यांनी नोंदवून ठेवले आहे. शुद्ध टी-४ अमेरिकेत केंडल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी वेगळे केले आणि लंडनमध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले. पण औषध किती द्यावे हे ठरवावयाचे ते रोग्याच्या नाडीवरून, त्वचेवरून, डॉक्टरांच्या नजरेवरूनच. रक्तातील इतक्या सूक्ष्म द्रव्याचे मोजमाप करण्याची युक्ती बर्सन आणि रोझलिन यॅलो या जोडीने शोधली. यॅलोबाईंना १९७७ मध्ये त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते.

हे वाचताना आम्हांस आमची आई आठवली. शेवटच्या काही वर्षांत ती बालाघाटच्या मे महिन्यात, वैनगंगेची वाळू पायाला चटके देत असता, चादर ओढून बसे. आवाज बसलेला, चालणे मंद, भुवयांचे केस विरळ झालेले. घरातली माणसे तिला प्रेमाने का होईना ‘आळशी’ म्हणत आणि तीही हसून मान्य करी. तिला काय झाले होते ते आता सांगता येणार नाही. रक्त कोणी तपासलेच नाही. पण सौ. कोजागरीला गोधडी घेऊन गच्चीवर आली तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर आई उभी राहावयास हवी होती, ती राहिली नाही.

पुन्हा कागदाकडे येऊ. आमच्या मनात राहिलेला प्रश्न हा की अर्धी गोळी आम्ही श्रावणात केली, मग त्याआधीच १४.६ कशाने झाले? नऊ वर्षे ७५ ची गोळी पुरत होती. डॉक्टरांनी यावर कागद बाजूला ठेवला आणि सौ.ला विचारले, “काकू, सकाळी उठल्यापासून काय काय घेता, क्रमाने सांगा.” सौ.ने सांगितले : दात घासले की चहा ठेवायचा, चहा गाळला की सगळ्या गोळ्या एकदम तळहातावर घेऊन पाण्याबरोबर घ्यायच्या, वर चहा. सगळ्या म्हणजे कोणत्या? थायरॉइडची, आणि ज्येष्ठात गुडघे दुखू लागल्यावर सुरू झालेली कॅल्शियमची, आणि अशक्तपणासाठी लोहाची.

डॉक्टर म्हणाले, कारण सापडले. कॅल्शियम आणि लोह ही दोन्ही पोटात या गोळीला धरून ठेवतात आणि ती आतड्यातून रक्तात पुरती जात नाही. चहा-कॉफीनेही शोषण घटते. आम्लपित्तावर रोज घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनीही तेच होऊ शकते, कारण ही गोळी विरघळावयास जठरातले आम्ल लागते. म्हणजे ज्येष्ठापासून सौ. गोळी गिळत होती खरी, पण तिचा काही भाग वाया जात होता. कागदाने ते इमानाने सांगितले होते. मात्रा वाढविण्याचीही गरज नव्हती, आणि कमी करण्याची तर नव्हतीच. गोळी सकाळी निव्वळ पाण्याबरोबर घ्यावी, त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये, आणि कॅल्शियम व लोह यांच्याशी किमान चार तासांचे अंतर ठेवावे, एवढेच करावयाचे होते. सौ.चे कॅल्शियम आता रात्रीच्या जेवणानंतर आणि लोह दुपारी असते. पहाटेचा चहा एक तास पुढे ढकलणे हे मराठी घरात केवढे धर्मसंकट आहे ते वाचकांस सांगावयास नको. ज्यांना ते साधतच नाही त्यांना डॉक्टर रात्री निजताना, जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेण्याची मुभा देतात. वेळ कोणतीही असो, ती रोज तीच असावी.

डॉक्टरांनी पुन्हा पूर्ण ७५ ची गोळी सुरू केली आणि आठ आठवड्यांनी तपासावयास सांगितले. आम्ही विचारले, पंधरा दिवसांनी पाहू नये काय? जीव टांगणीला लागला होता. ते नको म्हणाले. त्याचे कारण आम्हांस विशेष उद्बोधक वाटले. रक्तात गेलेले टी-४ सावकाश ओसरते. त्याचे निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. म्हणून आम्ही गोळी अर्धी केल्यावर पहिले आठ-दहा दिवस काही जाणवले नाही. जुनी शिल्लक खर्च होत होती. म्हणूनच हरतालिकेच्या निर्जळी उपवासाला एखादी गोळी चुकली तर आभाळ कोसळत नाही. आणि म्हणूनच मात्रा बदलल्यावर नवी पातळी स्थिरावून पोष ग्रंथीला तिची खात्री पटण्यास सहा ते आठ आठवडे जातात. त्याआधी घेतलेला आकडा ना जुन्या मात्रेचा असतो ना नव्या. एकदा घडी बसली की मग सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तपासले तरी चालते. कंपनी बदलली, वजन फार चढले-उतरले, नवे औषध सुरू झाले, तर पुन्हा सहा-आठ आठवड्यांचा हिशेब धरावा.

यावरून शाळेतील एक गोष्ट सुचते. काही मुले वर्षभर पुस्तक उघडत नाहीत आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात दिवे जाळतात. गोळ्यांचेही तसेच होते. महिनाभर चालढकल करून रक्त द्यावयाच्या आधी पाच दिवस कोणी नेमाने गोळी घेतली, तर टी-४ छान दिसते आणि टी.एस.एच. मात्र चढलेले राहते. टी-४ गेल्या काही दिवसांचा अभ्यास दाखविते, टी.एस.एच. गेल्या सहा आठवड्यांचा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की डॉक्टरांना हजेरीपट कळतो. हे ऐकून सौ. आमच्याकडे पाहून हसली. किती महिन्यांनी!

रक्त केव्हा द्यावे यालाही अर्थ आहे. टी.एस.एच. रात्री चढते आणि दुपारी उतरते, म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळी, सकाळी, आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत द्यावे. गोळी घेतल्यावर काही तास रक्तातले टी-४ तात्पुरते वाढते. टी-४ मोजावयाचे असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेण्याची टूम हल्ली फार आहे. काही यंत्रांवरच्या तपासणीत त्या बायोटिनमुळे टी.एस.एच. खोटेच कमी आणि टी-४ खोटेच जास्त दिसते. तपासणीपूर्वी दोन दिवस तरी ते बंद ठेवावे आणि डॉक्टरांच्या कानांवर घालावे.

आमची फजिती गावात पसरली आणि गंमत म्हणजे लोक आपापले कागद घेऊन आमच्याकडेच येऊ लागले! आम्ही हात जोडून डॉक्टरांकडे पाठवितो. तरी दोन-तीन कागद लक्षात राहिले. आमच्या शाळेतील एक लिपिक पत्नीचा अहवाल आनंदाने दाखवावयास आले. टी.एस.एच. ०.०३. “गुरुजी, पार उतरला!” स्मरणपत्रे अजिबात बंद झाली होती, कारण माहितीचा पूर आला होता. गोळी अधिक होत होती. त्या बाईंना छातीत धडधड होई, झोप लागत नसे आणि वजन उतरे. घरचे त्यालाच गुण आला म्हणत. टी.एस.एच. ०.१ च्याही खाली दीर्घकाळ राहिले तर हृदयाची लय बिघडू शकते आणि हाडे ठिसूळ होतात, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत. बाईंची मात्रा डॉक्टरांनी कमी केली. पहा, आमची चूक आणि यांची चूक एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत.

आमच्या आत्या ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे टी.एस.एच. ६.२ आले तेव्हा आतेभाऊ घाबरून गेला, कारण बाण वरच होता. डॉक्टरांनी मात्रा वाढविली नाही. वय वाढते तसा हा आकडा निरोगी माणसातही थोडा चढतो. छापील मर्यादा सरसकट प्रौढांची असते. म्हाताऱ्या हृदयाला जादा टी-४ देऊन चारचा आकडा गाठण्यात हित नाही. उलट आमच्या भाचीचे. ती पुण्यात असते, गोळी आधीपासून चालू होती आणि दिवस राहिले. कागदावर टी.एस.एच. ३.९, बाण नाही, म्हणजे मर्यादेत. तरी तिच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी मात्रा वाढविली. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड काम करीत नसते. त्याच्या मेंदूची घडण आईच्या टी-४ वर चालते. तेव्हा आईची गरज पाव ते तृतीयांश पटीने वाढते, बहुधा २.५ च्या आत राहण्याचा प्रयत्न करतात, आणि पहिल्या सहामाहीत दर चार आठवड्यांनी रक्त पाहतात. एकच छापील रकाना आत्याला खोटा आणि भाचीलाही खोटा!

क्वचित असेही असते की बिघाड थायरॉइडमध्ये नसून पोष ग्रंथीतच असतो. कार्यालयच बंद पडले तर स्मरणपत्रे येणार कोठून? अशा रुग्णांत टी.एस.एच.वर विसंबून चालत नाही, टी-४ च पाहावे लागते. पण ते प्रकरण निराळे.

एक प्रश्न मात्र जो तो विचारतो : आयोडीनयुक्त मीठ खाऊनही हे का होते? गलगंड आपल्याकडे फार जुना, सुश्रुताने त्याचे वर्णन केलेले आहे. हिमाचलातील कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, गलगंड घटल्याचे दाखविले, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मीठ घरी पोहोचते तेव्हा त्यात दशलक्ष भागांस निदान १५ भाग आयोडीन असावे असा नियम आहे. आमच्या शाळेत मुलांनी घरून पुडीत बांधून आणलेल्या चिमूटभर मिठावर तपासणीचा थेंब टाकला की ते निळे-जांभळे होते आणि वर्गात टाळ्या पडतात. त्या मिठाने आयोडीनच्या अभावाचा आजार मागे हटला, ही मोठीच गोष्ट. परंतु सौ.सारख्यांचा आजार बहुधा निराळा असतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून आपल्या थायरॉइडवर उलटते. जपानच्या हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये हा विकार वर्णिला. येथे मीठ वाढवून उपयोग नाही, आणि सैंधव खाऊन गोळी सोडण्यातही अर्थ नाही. त्यासाठी जी प्रतिपिंडांची तपासणी करतात ती एकदा निदानापुरती पुरते. दर वेळी करून घेण्यात पैसे मात्र जातात.

संक्रांतीनंतर सौ.चे रक्त तपासले : ५.१. बाण अजून वरच होता आणि आमचा हात पुन्हा शिवशिवला. डॉक्टर म्हणाले, ४१ वरून येथवर आले आहे, पोष ग्रंथी सावकाश शांत होते, मात्रा तीच ठेवा. फाल्गुनात २.७ आले. त्याआधीच, माघातल्या एका सकाळी, सौ. देवघरात गुणगुणत होती. आवाज तिचा होता. आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवले आणि काही बोललो नाही.

आता घरात एक वही आहे. तारीख, गोळीची मात्रा, ती किती वाजता घेतली जाते, बरोबर दुसरे कोणते औषध चालू आहे, टी.एस.एच. आणि टी-४, असे रकाने आम्ही मराठीत आखून दिले. लिहिते सौ. टी.एस.एच.च्या रकान्याला तिने स्वतःच नाव दिले आहे : ‘मागणी’. पुढची तपासणी भाद्रपदात, महालक्ष्म्या बसण्यापूर्वी करावयाची आहे. प्रयोगशाळेतून कागद आणण्याचे काम आमच्याकडे आहे. तो उघडावयाचा मात्र तिने, असे ठरले आहे.